तेरा गजरांचा पिकअप

माझ्या गळ्याला आजवर दोनच माणसांनी हत्यार लावलं. एक आमच्या चाळीखालचा न्हावी, आणि दुसरे वाइंडिंगवाले काका. न्हाव्याच्या हातात वस्तरा असे, काकांच्या हातात लाकडी मुठीचा लांबलचक स्क्रू ड्रायव्हर. दोघांत भीती मला काकांचीच जास्त वाटली, कारण न्हावी निदान का लावतोय ते कळत होतं.

"तोंड मिट आणि गुणगुण," काका म्हणाले.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या कंठाला टेकवलेलं, मूठ त्यांच्या उजव्या कानात. मी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसलेलो. शेजारी एक बाई दुरुस्तीला आणलेला मिक्सर मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी घाबरत घाबरत गुणगुणलो. काकांनी डोळे मिटले. मग स्क्रू ड्रायव्हर काढून शर्टाला पुसला आणि निकाल दिला.

"गळ्यात जोर नाय. पण गोडवो आसा. तुका आठ गजर पुरे."

आता हे सगळं नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी घशाच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावर काकांचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं, एवढीच जागा. जळलेले पंखे, पाण्याच्या पंपाच्या मोटारी आणि मिक्सर यांची तार काढून नवी भरायची, हा धंदा. काका मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत, इलेक्ट्रिक खात्यात मोटारींची वाइंडिंग करायचे. संपात गिरणी बंद पडली, तेव्हा भंगारात निघालेलं वाइंडिंगचं एक हातयंत्र त्यांनी उचललं आणि इथे येऊन बसले. मागांच्या खडखडाटात डाव्या कानाने राम म्हटला होता. "एक कान मिलीक दिलो, एक घराक ठेवलो," असं ते सांगायचे, आणि त्यात रडगाणं अजिबात नसायचं. उरलेल्या कानाला मदत म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर. मोटारीच्या अंगावर टोक टेकवायचं, मुठीला कान लावायचा, की आत बेअरिंग कुठे घासतंय ते कळायचं. हे बरेच मेकॅनिक करतात. पण काकांना त्याचा नादच लागला होता. पंप, पंखा, पाण्याचा नळ, दुकानाची भिंत, शेजारच्या पानवाल्याचा रेडिओ, आणि वेळ पडली तर गिऱ्हाईक, सगळ्यांना ते टोक टेकवून ऐकायचे.

"आधी आयकतंय, मगे बोलतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य होतं, "तार कधी खोटा बोलत नाय." दुसरं वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

ते हातयंत्र मोठं नमुनेदार होतं. हँडल एकदा फिरवलं की पुढची बॉबिन दहा वेळा फिरे. किती फेरे झाले ते दाखवणारा आकड्यांचा डबा यंत्रावर होता, पण तो गिरणीतच कधीतरी चारवर अडकला होता. काकांनी तो दुरुस्त केला नाही. सगळ्या उपनगराच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस स्वतःच्या यंत्राच्या वाटेला गेला नाही, कारण त्या आकड्यांची त्यांना गरजच नव्हती. काका भजनी बुवा होते. फेरे ते गजरावर मोजत.

म्हणजे असं. टाळीगणिक हँडलचा एक फेरा. एका गजरात टाळ्या किती, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यामुळे छताच्या पंख्याला इतके गजर, पंपाला इतके, मिक्सरला इतके, असा सगळा हिशेब त्यांच्या गळ्यात होता. एकदा हँडल फिरू लागलं की काकांशी कोणी बोलायचं नाही, हा कडक नियम. बोललात तर मोजणी चुकायची आणि मग पुन्हा पहिल्यापासून. खिळ्याला टाळांची एक जोडी टांगलेली असे. वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाने ती घ्यायची आणि साथ धरायची. मिक्सरवाल्या त्या बाई घाटकोपरहून येत. लग्नाआधी त्या याच रस्त्यावर राहायच्या म्हणे, म्हणून आजही मिक्सर बिघडला की इथेच. भजनाशी त्यांचा संबंध नव्हता, मराठी अर्धंमुर्धं, पण टाळ असा वाजवायच्या की काकांनी त्यांना कोरसात घेतलं असतं.

"काका, हवे केटला गजर बाकी?" दोन गजरांच्या मध्ये हँडल थांबलं की त्या गुजरातीत विचारायच्या.

काका बोटं दाखवायचे. दोन.

एकदा कोणीतरी उंबऱ्यावर नारळ ठेवून गेलं. मंदिर समजून. काकांनी तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं आणि म्हणाले, "चुकलो नाय तो. बरोबर जाग्यार ठेवल्यान."

मी त्यांच्याकडे गेलो, त्याला कारण गिटार. दिवसा मी अंधेरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो आणि संध्याकाळी गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्राचे तेव्हा भरभराटीचे दिवस होते. अंधेरीच्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला गल्फला गेला आणि त्यांच्या मॅनेजरने मला निरोप धाडला, की रविवारी सकाळी ट्रायलला ये. अट एकच. इलेक्ट्रिक गिटार स्वतःची हवी. मला त्या ऑर्केस्ट्रात जायचं होतं. एवढं जायचं होतं, की ड्रॉइंग बोर्डावर गिअरची चित्रं काढता काढता मी मनात स्टेजवर उभा असायचो. इलेक्ट्रिक गिटार विकत घ्यायची तर बापजन्मात जमली नसती. म्हणून मी ती बनवायला घेतलीच होती. चाळीतल्या सुताराने मोडक्या सागवानी पलंगाच्या फळीतून अंग कापून दिलं, मान एका जुन्या गिटारची लावली. सगळं झालं, फक्त पिकअप राहिला. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसणारी ती बोटभर पेटी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो फेरे. तारेची थरथर हीच पेटी पकडते आणि अँप्लिफायरला पोचवते. लाकूड कितीही सागवानी असो, पिकअप रद्दी असला तर गिटारची वाट लागली म्हणायचं.

माझ्यापुढे दोन रस्ते होते. वांद्र्याला राहणारा माझा एक ओळखीचा जहाजावर नोकरीला होता, त्याला मी एक परदेशी पिकअप आणायला सांगून ठेवलं होतं. पण त्याचं जहाज कधी लागेल ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसरा रस्ता काका. गणपती विसर्जनाला बँजो पार्ट्या येतात ना, त्यांच्या त्या बटणांच्या बँजोचे पिकअप काका भरून देत. लोहचुंबक कुर्ल्याच्या भंगारातून आणत आणि तयार कॉइल वितळलेल्या मेणात बुडवत. मेण ज्या टोपात वितळवायचे, त्याच टोपात नंतर चहा व्हायचा. त्यांच्याकडच्या चहाला देवघराचा वास यायचा.

"पण काका, ही गिटार आहे. बँजो नाही," मी म्हटलं.

"पंखो असो नायतर गिटार, तांब्याक काय फरक? बँजोक अकरा गजर लागतत, कारण तेका ताशाबरोबर भांडूचा लागता. तुका कोणाशी भांडूचा आसा?"

"नाही."

"मगे आठ."

ट्रायलच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी माझा पिकअप भरायला घेतला. टाळ माझ्या हातात. काकांनी तारेचं टोक बॉबिनला अडकवलं, यंत्राला नमस्कार केला आणि पहिला गजर लावला. आवाज खणखणीत. पहिला, दुसरा, तिसरा, सगळं सुरळीत चाललं होतं. सातव्या गजराला दुकानाच्या दारात एक टेबल फॅन आला, आणि टेबल फॅनच्या मागे समोरचे बुवा.

हे समोरचे बुवा म्हणजे काकांचे जन्माचे प्रतिस्पर्धी. कोकणातल्या मंडळींना डबलबारी सांगायला नको. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाऊनच उत्तर द्यायचं, आणि जो गप्प बसला तो हरला. जत्रेत, सत्यनारायणाला, गणपतीत, जिथे म्हणून बारी असेल तिथे हे दोघे एकमेकांसमोर. एरवी दोघांची मैत्री घट्ट. बारीत मात्र कोणी कोणाला सोडायचं नाही.

बुवांनी दारातच फॅन खाली ठेवला. बोलायचं नाही हा नियम त्यांना माहीत होता. बोलले नाहीतच. गायले. काकांचा आठवा गजर संपता संपता त्यांनी वरच्या पट्टीत त्याला असं काही उत्तर दिलं, की पानवाला सुपारी कातरायची थांबवून बघत राहिला.

आता काका काय करणार? गप्प बसणं म्हणजे हरणं. बुवांचा तो नववा, म्हणून त्यांनी दहावा गजर उचलला. आणि गळा चालू तोवर हात चालू, ही तर त्यांची आयुष्यभराची सवय. हँडल फिरतंय. बुवांनी उत्तर दिलं, तो अकरावा. बुवा गायचे तेव्हाही काकांचा हात टाळीवर फिरतच होता. मला दिसत होतं की आठ होऊन गेलेत. मला ओरडायला हवं होतं. पण एक तर नियम, आणि दुसरं खरं सांगायचं तर मला भयंकर मजा येत होती. मी टाळ कुटत होतो. रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. तेराव्या गजराला तार संपली, हँडल हलकं झालं, आणि काकांनी डोळे उघडले.

बॉबिन गाभण म्हशीसारखी फुगली होती.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग बुवांकडे. बुवा एवढेसे झाले.

"बिघाडलो रे झिला," काका मला म्हणाले. "आठाचे तेरा झाले. हेच्यात दोन बुवा शिरले."

"पुन्हा भरू या ना काका."

"तार संपली. बारीक तार लोहार चाळीच्या बाजारात सोमवारीच येता. आणतंय, मगे भरतंय."

ट्रायल रविवारी. काकांनी तो फुगलेला पिकअप मेणात बुडवला आणि त्यावर बसवायला पितळी पत्र्याचं एक सुरेख झाकण ठोकून दिलं. "लाव," म्हणाले, "पण आवाज अर्ध्यार ठेव. म्हैस आसा ती, उधाळतली." बुवांनी तर माझा हात धरला. "माका माफ कर, बाबा. पण आम्ही दोघव ट्रायलीक येतलव. हेच्यात माजे गजर आसत, ते माका आयकूचे आसत."

शनिवारी सकाळी वांद्र्याच्या ओळखीच्याचं जहाज लागलं आणि दुपारी पिकअप माझ्या हातात आला.

परदेशी पिकअप पारदर्शक डबीत होता. सोबत छापील कागद, त्यावर बारीक अक्षरात जोडणीची आकृती. इतकी देखणी वस्तू मी आयुष्यात हातात घेतली नव्हती. एका बाजूला ती, आणि दुसऱ्या बाजूला मेणाने माखलेली, चहाच्या टोपात आंघोळ केलेली काकांची म्हैस. सुताराने फळीत खाच एकच कोरली होती. मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी परदेशी बसवला. माझ्या हातांनी, घरी, काकांना न विचारता. आणि काकांना कळू नये म्हणून त्यावर त्यांचंच पितळी झाकण जरासं वाकवून लावलं. काकांचा पिकअप बिस्किटाच्या डब्यात गेला.

संध्याकाळी दुकानावरून जाताना काकांनी आतूनच हाक मारली. "बसवलंस?"

"बसवला, काका."

"बरा झाला," काका म्हणाले आणि पंख्याच्या कामाला लागले. मी भराभर पुढे गेलो. मला तेव्हाच स्वतःची लाज वाटली होती. पण लाजेपेक्षा ऑर्केस्ट्रा मोठा वाटत होता.

ट्रायल अंधेरीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. मी पोचलो तर काका आणि बुवा आधीच हजर. दोघेही बारीला निघाल्यासारखे पांढऱ्या सदऱ्यात, डोक्याला टोपी. काकांच्या खांद्याला हत्यारांची पिशवी. ती ते लग्नालासुद्धा नेत. मॅनेजरने विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "घरचे." दुसरं काय सांगणार?

मी वायर अँप्लिफायरला जोडली, आणि हॉलमध्ये एकच घरघर सुरू झाली.

"अरे यार, ही गिटार आहे की पिठाची गिरण?" मॅनेजर म्हणाला. बाकीचे वादक हसले. मी आवाजाचं बटण कमी केलं, वायर हलवली, काही उपयोग नाही. "असली घरघर स्टेजवर नाही चालायची हां. माझ्याकडे दुसरा एक पोरगा बाहेर बसलाय."

मी वायर काढून पुन्हा खोचली. आणि काका स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले.

ते आले, पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक गिटारच्या अंगाला, मूठ कानाला. असं काही त्या वादकांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अर्थिंग नाय," काका म्हणाले. "तारांक अर्थिंगच नाय दिलंस, मेल्या. झाकण काढूचा लागतला."

झाकण. मी म्हटलं, "काका, राहू दे, मी करतो." काकांनी ऐकलं नाही, डावा कान माझ्या बाजूला होता. त्यांनी पेच फिरवले आणि आपणच ठोकलेलं झाकण उचललं.

खाली ती चकचकीत परदेशी वस्तू.

काका तिच्याकडे बघत होते, मी काकांकडे. तार कधी खोटा बोलत नाय, हे वाक्य आता येणार, सगळ्यांसमोर येणार, म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. खालून बुवा विचारत होते, "काय झाला? आमचो बरो आसा मा?"

काका पाठमोरे होते. ते किंचित सरकले, असे की बुवांना गिटार दिसू नये. "बरो आसा," ते म्हणाले. "बुवा, तुम्ही गप ऱ्हवा."

त्यांनी तारेचा एक तुकडा काढला, एक टोक तारा अडकवतात त्या पट्टीला आणि दुसरं आत जोडलं, कथलाचा डाग दिला आणि झाकण परत लावलं. हे सगळं करताना ते तोंडातल्या तोंडात गजर म्हणत होते. माझ्याकडे बघितलं नाही. "आता वाजव," एवढंच म्हणाले आणि खाली जाऊन बसले.

घरघर गेली होती. मी वाजवलं. चांगलं वाजवलं, आता सांगायला हरकत नाही. मॅनेजर म्हणाला, "झकास. पुढच्या शनिवारी मुलुंडला प्रोग्रॅम आहे. सहाला पोच." आणि खालून बुवा उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आयकलास मा?" ते शेजारच्या अनोळखी ढोलकीवाल्याला सांगत होते. "हेच्यात माजे गजर आसत! आमचो आवाज आसा तो!"

"आसत, आसत," काका म्हणाले.

त्या दोन शब्दांनी माझं जे झालं ते चार थपडांनी झालं नसतं. मिळालेल्या जागेचा आनंद घ्यायलासुद्धा मला तोंड उरलं नाही. बाहेर बुवा विडी ओढायला थांबले तेव्हा मी काकांजवळ गेलो. "काका, माझं चुकलं. मी..."

"तो चांगलो आसा," काका म्हणाले. "परदेशी. फेरे अगदी मापात भरलेत. मी आयकलंय." मग म्हणाले, "माजो खंय आसा?"

"घरी. बिस्किटाच्या डब्यात."

काकांनी मान हलवली. बुवा विडी विझवून येत होते. काका हळू आवाजात म्हणाले, "बुवाक खोटो पाडू नको. मुलुंडाक जावच्या आधी ता खरा कर."

मी मंगळवारी सुतारासमोर बसून फळीत दुसरी खाच कोरून घेतली. बुधवारी गिटार काकांच्या दुकानात नेली. काकांनी स्वतः जोडणी केली. परदेशी जागच्या जागी राहू दिला, आपला त्याच्या समोर बसवला, आणि दोघांच्या मध्ये एक खटका दिला. खटका इकडे केला की परदेशी, तिकडे केला की म्हैस. मी म्हटलं, "काका, तो काढून टाका ना. मला तुमचा एकच पुरे."

काका हसले. "मेल्या, एकट्या बुवाची बारी कशी होतली? समोर कोणतरी व्हयो मा."

मुलुंडला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले दोघे, आणि त्यांच्या शेजारी मिक्सरवाल्या बाई. त्यांना कोणी बोलावलं होतं कोण जाणे. अर्धा कार्यक्रम मी परदेशीवर काढला. मग माझा एकट्याचा तुकडा आला, आणि मी खटका तिकडे केला. बटण अर्ध्यावर होतं, काकांनी सांगितलं होतं तसं. तरीही आवाज असा जाडजूड आला की ढोलकीवाल्याने वळून बघितलं. बुवांनी मांडीवर टाळी धरली.

काका मात्र जागेवर नव्हते. मी बघितलं तर ते पुढे येऊन स्टेजच्या कडेला वाकले होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्टेजच्या फळीवर, मूठ उजव्या कानात, डोळे मिटलेले. पाचशे माणसांच्या हॉलमध्ये ते आपले तेरा गजर मोजत होते. मग डोळे न उघडताच त्यांनी डावा हात वर केला आणि तळवा वर, आणखी वर नेला.

मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.